विचारा तर खरं : असिस्टंट होण्याचं शिक्षण

मागच्या अंकात मी दीड पान लिहिलं होतं. अमेरिकेत आल्यावर चौदा वर्षं एका कंपनीचे हिशेब बघितले, त्रेचाळिसाव्या वर्षी ते सोडलं, एका कॅथलिक विद्यापीठात दोन वर्षं ऑक्युपेशनल थेरपी (व्यवसायोपचार) असिस्टंटचा कोर्स केला आणि आता सात वर्षं रिहॅबमध्ये, म्हणजे आजार-अपघातानंतरच्या पुनर्वसन केंद्रात, काम करते, एवढीच हकीकत. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सदर माझ्याच गळ्यात घातलं. सारख्या पत्रांमधलं एकेक निवडलंय. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. माझ्या विद्यापीठाचं आणि नोकरीच्या जागांचंही नाव घेत नाही, म्हणजे मला मोकळेपणाने लिहिता येईल.

ताई, माझी सून हा कोर्स करतेय. मी पुण्याला बहिणीला ‘व्यवसायोपचार’ असं सांगितलं तर तिला वाटलं, सून लोकांना धंद्याचे सल्ले देते. आणि असिस्टंट म्हणजे शेवटी हाताखालचंच काम ना? एवढे पैसे भरायचे तर पूर्ण थेरपिस्टच का होऊ नये? — एक सासूबाई, सध्या मुक्काम ओहायो

दोष तुमच्या बहिणीचा नाही, शब्दाचा आहे. इथे ‘व्यवसाय’ म्हणजे माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं. दात घासणं, सदऱ्याची बटणं लावणं, चहा करणं, पत्ते पिसणं, नातवाला बसथांब्यावरून आणणं. आजाराने किंवा अपघाताने यातलं जे हातचं गेलं, ते त्याच कामांतून परत मिळवायचं. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावात मूठभर लोक जमले आणि त्यांनी या पेशाची पहिली राष्ट्रीय संस्था काढली. ज्यांच्या घरी ते जमले ते जॉर्ज बार्टन डॉक्टर नव्हते, वास्तुरचनाकार होते. क्षय आणि अर्धांगवायू झाल्यावर बागकाम आणि सुतारकाम करत ते सावरले होते.

बहिणीला आणखी एक सांगा. आपल्याकडे हे शिक्षण आणलं कमलाबाई निंबकरांनी. जन्माने अमेरिकन, लग्न करून मुंबईकर झालेल्या. १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, ती आशियातली पहिली. म्हणजे तुमची सून काही परकं शिकत नाहीये. कमलाबाई इकडून तिकडे गेल्या, ही तिकडून इकडे आली.

आता असिस्टंटचं. पेशंटची पहिली तपासणी, उद्दिष्टं आणि उपचाराची योजना थेरपिस्टची. रोजची थेरपी माझी. माझी थेरपिस्ट पेशंटला पहिल्या दिवशी बघते आणि मग प्रगती तपासायला अधूनमधून. मी आठवड्यातले पाच दिवस त्याच्यासोबत असते. त्याचा हात आज वेगळा वागतोय हे पहिल्यांदा मलाच कळतं, पण म्हणून योजना मी परस्पर बदलू शकत नाही, तिला फोन करावा लागतो. असिस्टंट हा वर्ग १९५०च्या दशकाच्या अखेरीस तयार झाला, तोही आधी मनोरुग्णालयांसाठी, कारण थेरपिस्ट पुरत नव्हते. सरकारने आमच्यावर किमतीची चिठ्ठीसुद्धा लावलेली आहे. १ जानेवारी २०२२ पासून मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या पार्ट बीमध्ये असिस्टंटने दिलेल्या थेरपीचे ८५ टक्केच पैसे मिळतात. माझ्या हातांवर कायमची १५ टक्के सूट! हाताखालचं म्हणायचं तर म्हणा.

पूर्ण थेरपिस्ट व्हायला मास्टर्स किंवा डॉक्टरेट लागते. असिस्टंटला दोन वर्षांची असोसिएट पदवी पुरते. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती आणि घराचे हप्ते चालू होते. सुनेची कारणं सुनेला विचारा, पण जेवणाच्या टेबलावर नको.

आमच्या जवळ दोनच ठिकाणी हा कोर्स आहे. कम्युनिटी कॉलेजमध्ये वेटिंग लिस्ट आहे, दुसरं नन्सनी काढलेलं विद्यापीठ आहे. आमच्या घरी रोज पूजा असते. तिथे चर्च, बायबल सक्तीचं असतं का? मिस्टर म्हणतात, हळूहळू ओढतील. — इलिनॉय

मला कुणी ओढलं नाही. ओढायला कुणाला सवडही नव्हती, सगळे ॲनाटॉमीत बुडालेले.

आमच्याकडे काय होतं ते सांगते. प्रत्येक वर्गात घड्याळाच्या वर क्रूस होता. त्यामुळे परीक्षेत वेळ बघायला मान वर केली की दोघांचं दर्शन एकदम व्हायचं. मिसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणं ऐच्छिक. काही प्राध्यापिका तासाच्या सुरुवातीला मिनिटभर प्रार्थना म्हणत. तेवढा वेळ मी गप्प उभी राहायचे, मनात रामरक्षेच्या जेवढ्या ओळी बसतील तेवढ्या म्हणायचे. सक्तीचे दोन विषय होते, एक धर्मशास्त्राचा आणि एक नीतिशास्त्राचा. त्यांचे क्रेडिट मोजून पैसे भरावे लागतात, तेव्हा मिस्टरांना सांगा, ओढतील याच्यापेक्षा त्या बिलाची काळजी करा. चोवीस जणांच्या वर्गात दोन सोमाली मुली हिजाब घालून यायच्या, बऱ्याच जणी ल्यूथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) होत्या आणि तिघं ‘काहीच नाही’वाले.

पहिल्याच वर्षी फेब्रुवारीत एका बुधवारी माझी लॅबमधली जोडीदारीण कपाळावर काळा डाग घेऊन आली. मला वाटलं, गाडीचं ग्रीस लागलंय. मी पर्समधून ओला टिश्यू काढला, “थांब, इथे लागलंय काहीतरी,” म्हणत थेट तिच्या कपाळाकडे हात नेला. तिने वरच्या वर माझं मनगट पकडलं. ती राख होती. चाळीस दिवसांच्या उपासाचा पहिला दिवस, त्या दिवशी पाद्री कपाळावर राखेने क्रूस काढतात आणि ‘तू माती आहेस, मातीलाच मिळशील’ असं म्हणतात. मी ओशाळून तिला सांगितलं की माझी आजी जेजुरीहून भंडारा आणायची आणि आम्हा सगळ्यांची कपाळं पिवळी करायची, तो कुणी पुसायला आलं असतं तर आजीने हात मोडला असता. ती म्हणाली, “मग मी स्वस्तात सोडलं तुला.”

धर्मशास्त्राचा विषय शिकवायला सत्तरी ओलांडलेल्या सिस्टर होत्या. कार्डिगन घालायच्या, पायात पळायचे बूट. त्यांनी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट वाचायला दिली. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला एक माणूस वाटेत पडलाय. दोघं बघून निघून जातात. तिसरा, परक्या जातीचा, त्याच्या जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवतो आणि म्हणतो, याची काळजी घे. आम्ही सगळ्यांनी निबंधात शोमरोन्याची वाहवा केली. सिस्टरांनी विचारलं, “मालकाने पुढचे पंधरा दिवस काय केलं, ते कुणी लिहिलंय?” कुणीच नव्हतं लिहिलं. “तुम्हाला नोकरी त्याच्याकडे लागणार आहे,” त्या म्हणाल्या. त्यानंतर तो विषय मी पैसे वसूल होईपर्यंत ऐकला.

तुम्ही चौकशी करायची ती वेगळ्या गोष्टींची. कोर्सला एकोट या संस्थेची मान्यता आहे का, ती चालू आहे की नुसती अर्जाच्या पातळीवर, हे आधी बघा. त्या मान्यतेशिवाय परवान्यासाठी लागणाऱ्या परीक्षेला बसताच येत नाही. मागच्या तीन वर्षांत किती जण पास झाले आणि किती जणांनी कोर्स अर्ध्यावर सोडला, ते विचारा. फील्डवर्कच्या, म्हणजे पेशंटसोबत प्रत्यक्ष काम शिकायच्या, जागा घरापासून किती लांब देतात, हेही. मला एक जागा पंचावन्न मैलांवर मिळाली होती आणि जानेवारी होता.

मी नागपूरहून बी.ओ.टीएच. केलंय, पाच वर्षं प्रॅक्टिस केली. आता एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर) कॅलिफोर्नियात आहे. थेरपिस्ट व्हायचा मार्ग लांबचा दिसतो. निदान असिस्टंटची परीक्षा थेट देता येईल का? — एक थेरपिस्ट

नाही. असिस्टंटची परीक्षा म्हणजे खालची पायरी, ती वरच्याला आपोआप मिळेल, असं इथे चालत नाही. तिला बसायला इथला मान्यताप्राप्त असिस्टंटचाच कोर्स लागतो. म्हणजे तुम्ही जे पाच वर्षं केलंत त्याच्या पहिल्या यत्तेत पुन्हा जाऊन बसायचं. माझं मत विचाराल तर बसू नका. ही परीक्षा घेणाऱ्या एनबीसीओटी या संस्थेची, परदेशात शिकलेल्या थेरपिस्टची पात्रता तपासायची स्वतंत्र प्रक्रिया आहे. तिथे पदव्युत्तर पातळीचं शिक्षण मागतात, म्हणून आपल्याकडचे बरेच जण इथे त्या पातळीची पदवी घेऊन मग अर्ज करतात. आधी कॉलेजकडून सगळे कागद मागवा. अभ्यासक्रमाचा तपशील आणि इंटर्नशिपचे तास शिक्क्यानिशी हवेत. नागपूरहून कागद यायला लागणारा वेळ हा या प्रक्रियेतला सगळ्यात मोठा आजार आहे.

व्हिसाचं दोन ओळींत. एच-४ वर शिकता येतं. नोकरीला परवाना लागतो, आणि २०१५पासून तो एच-४ वरच्या काही जणांनाच मिळतो, मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत पोचलीय त्यांना. सरकारी शिक्षणमदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना असते, एच-४ ला नाही. कागदाची खात्री वकिलाकडून करून घ्या, माझ्याकडून नाही.

मी ४६ वर्षांची. बारावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही. स्नायूंची नावं या वयात पाठ होतील का? आणि दोन वर्षं शिकवतात तरी काय? — टेक्सास

होतात पाठ. मी स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या दारांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तेवढ्याने भागेना, तेव्हा नवऱ्याच्या हातावर बॉलपेनने रेघा काढल्या, कुठला स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो त्याच्या. एकदा तो तसाच ऑफिसला गेला आणि मीटिंगमध्ये बाही सरकली तर मनगटावर ‘फ्लेक्सर कार्पी अल्नारिस’.

खरा घाम काढतं ते ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस. रोजचं एक काम घ्या आणि त्याच्या पायऱ्या लिहा, असा गृहपाठ होता. मी चहा घेतला. आपला हातखंडा! नऊ पायऱ्या लिहून दिल्या. वही लाल होऊन आली. कपाटापर्यंत हात किती वर गेला? भरलेलं पातेलं उचलताना मनगट कुठल्या कोनात होतं? उकळी आल्याचं कानांनी कळलं की डोळ्यांनी? साखर घातली होती की नाही हे कशाने लक्षात राहिलं? गॅस बंद करणं कुठल्या पायरीत आहे? (नव्हतंच कुठल्या.) दुसऱ्यांदा एकसष्ट पायऱ्या झाल्या. पुढे मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेल्या एका बाई आल्या. डाव्या बाजूचं जगच त्यांच्या ध्यानात यायचं नाही. ताटातली उजवी बाजू संपवून त्या ‘अजून भूक आहे’ म्हणायच्या. त्यांचा चहा कितव्या पायरीला अडतो, हे मला लगेच सापडलं. डावीकडच्या गॅसवर पातेलं, आणि त्या उजवा गॅस पेटवून वाट बघत उभ्या.

एक दिवस आमचा चांगला हात गळ्यात बांधून ठेवला होता. जीन्सची चेन, बुटाची नाडी, केचपचं पाकीट, सगळं दुसऱ्या हाताने. पाकीट मी दातांनी फोडलं आणि विजयी मुद्रेने वर बघितलं. प्राध्यापिका म्हणाल्या, “छान. आता कवळी काढून ठेवली आहे असं समज.”

स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार द्यायचा साचा, बनवायचा प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात टाकला की पापडाच्या लाटीसारखा मऊ पडतो, थंड व्हायच्या आत हातावर बसवायचा. माझे पहिले तीन नुसते फुकट गेले. मग व्हीलचेअरवरून पलंगावर बसवणं: कमरेला गेट बेल्टचा रुंद पट्टा, पायपट्ट्या बाजूला, पेशंटला पुढे झुकवून नाक पायाच्या बोटांच्या वर आणायचं, की उठणं सोपं जातं. प्रात्यक्षिक परीक्षेत मी माझ्या जोडीदारणीला इतकं सुंदर बसवलं की मलाच कौतुक वाटलं. डावा ब्रेक लावायचा राहिला होता. नापास, बाकी काही न बघता. आठवड्याने परत दिली. आता दुकानातली ट्रॉली सोडतानाही हात ब्रेक शोधतो.

नोंदी लिहायला वेगळं शिकावं लागतं. ‘आजोबांनी आज छान केलं’ असं लिहिलंत तर विमा कंपनी हसेल. ‘सदरा घालताना २५ टक्के मदत लागली, मागच्या आठवड्यात ५० टक्के’, असं लागतं. तिथे माझी चौदा वर्षांची हिशेबनिशी कामी आली. तुमचंही काहीतरी येईल.

आमचा मुलगा २३ वर्षांचा. त्याचं दुसरं आठ आठवड्यांचं फील्डवर्क चालू आहे. मधल्या मूल्यमापनात सुपरवायझरने ‘पेशंटला फार मदत करतो’ असा शेरा मारलाय. मदत करणं हा दोष कधीपासून झाला? आम्ही त्याला थोरामोठ्यांचं करायलाच शिकवलं. हा भेदभाव तर नाही? विद्यापीठाला फोन करावा का? — काळजीत पडलेले आईवडील, न्यू जर्सी

भेदभाव असतो. मी इंग्रजीतच बोलत असताना ‘इंग्रजी बोलणारं कुणीतरी पाठवा’ म्हणणारे पेशंट मलाही भेटलेत. पण हा शेरा त्यातला वाटत नाही, कारण अगदी याच शब्दांत तो मला मिळाला होता आणि तो बरोबर होता.

माझं फील्डवर्क एका रिहॅबमध्ये होतं. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा, जन्मभर गाई पाळलेले, मेंदूच्या झटक्याने उजवा हात लुळा. उद्दिष्ट साधं: बटणांचा सदरा स्वतः घालायचा. रीत अशी की घालताना लुळ्या हाताची बाही आधी आणि काढताना ती शेवटी. सदरा मांडीवर उलटा पसरायचा, लुळा हात बाहीत सोडायचा, चांगल्या हाताने बाही कोपराच्या वर ओढायची, मग खांदा, मग पाठीमागून सदरा फिरवून दुसरी बाही. तिसऱ्या खेपेलाही त्यांची बाही कोपराशीच अडकली. माझ्याच्याने बघवेना. मी पुढे झाले, बाही वर ओढली, खांद्यावर बसवली आणि वर कॉलरही सारखी केली. ते ‘थँक्यू’ म्हणाले. मला धन्य वाटलं.

बाहेर आल्यावर सुपरवायझरने एवढंच विचारलं, “आज सदरा कुणी घातला?”

दुसऱ्या दिवशी तिने मला स्टुलावर बसवलं आणि स्वतःचे तळवे मांड्यांखाली दाबून ठेवायला सांगितले. शाळेत अंगठे धरायला लावतात तसं. बोलायची परवानगी होती, पण मोजून. बावीस मिनिटं लागली. आजोबांनी दोनदा शिव्या घातल्या, एकदा सदरा जमिनीवर फेकला आणि तो स्वतःच पायाने ओढून घेतला. माझ्या मनगटांना मुंग्या आल्या होत्या. शेवटी बटणं लागली, पण एक घर चुकून, त्यामुळे एक पल्ला वर आणि एक खाली. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी खाली बघितलं. त्यांना दिसलं होतं. “राहू दे,” म्हणाले. नोंदीत मी लिहिलं: तोंडी सूचना तीन, हात लावून मदत शून्य.

दुपारी त्यांची बायको आली. दारातून आत येता येताच तिचा हात त्या बटणांकडे गेला. आजोबांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

मला तो राखेचा बुधवार आठवला. ओला टिश्यू घेऊन धावणारी मी तीच होते. आपल्याकडे सेवा म्हणजे समोरच्याला जागचं हलू न देणं. सासऱ्यांना पाण्याचा पेला हातात, मामांना चपला पायाशी. मी यात मुरलेली होते आणि तुमचा मुलगा तुमच्याच घरात वाढलाय. ते संस्कार वाईट नाहीत, पण पेशंटचा हात त्यांनी सुधारत नाही.

मुलाला सांगा, हात पुढे जायच्या आधी मनात दहापर्यंत मोजायचं. कुठल्या पेशंटला किती सूचना आणि किती मदत चालेल, हे सुपरवायझरला सकाळीच आकड्यात विचारायचं. दर शुक्रवारी लेखी शेरा मागायचा, म्हणजे शेवटच्या आठवड्यात धक्का बसत नाही. असिस्टंटला एकूण सोळा आठवडे पूर्णवेळ फील्डवर्क असतं, त्यातले बहुतेक झालेत, तेव्हा अजून वेळ आहे पण फार नाही. गाडं खरंच अडत असेल तर विद्यापीठात फील्डवर्क बघणाऱ्या प्राध्यापकांना त्याने फोन करायचा. त्याने, तुम्ही नाही. मुलगा सज्ञान आहे, त्याच्या संमतीशिवाय ते सहसा तुमच्याशी त्याच्या मूल्यमापनाबद्दल बोलत नाहीत, कायदाही तसाच आहे. आणि तसं नसतं तरी ही बाही त्याची त्याने ओढू दे.

खर्च किती, पगार किती, परवडतं का? — तीन पत्रं, तिन्हींत एवढंच

खासगी विद्यापीठ कम्युनिटी कॉलेजच्या कैक पट महाग पडतं. वेटिंग लिस्टमध्ये वर्ष घालवायची तयारी असेल तर कम्युनिटी कॉलेजच घ्या, परवाना दोन्हीकडचा सारखाच. मी थांबले नाही कारण वय थांबत नव्हतं. फीशिवाय गणवेश, लसी, गुन्हेगारी नोंदीची तपासणी, फील्डवर्कचं पेट्रोल आणि त्या सोळा आठवड्यांचा बिनपगारी काळ धरा. पगाराचं म्हणाल तर सरकारच्या कामगार-सांख्यिकी विभागाच्या २०२३च्या आकड्यांनुसार अर्ध्या असिस्टंटना वर्षाला ६७ हजार डॉलरच्या वर मिळतात, अर्ध्यांना त्याखाली. मी अजून वर गेलेले नाही. पहिल्या नोकरीत ड्यूटीतली नव्वद टक्के मिनिटं बिलात दिसली पाहिजेत असा दंडक होता. तिथे बावीस मिनिटांच्या सदऱ्याला कुणी जागा देत नव्हतं, म्हणून अकरा महिन्यांत सोडली. मुलाखतीला जाल तेव्हा हा टक्का आधी विचारा, पगार मागून.

मी २१ वर्षांची आहे. पुरुष पेशंटना अंघोळ घालावी लागते का? आईला हे कसं सांगू कळत नाही. — मिशिगन

हो, अंघोळ आणि संडास-बाथरूम हा या कामाचा गाभा आहे. त्यातून पळवाट काढून नोकरी करता येणार नाही. पण ‘घालावी’ हा शब्द काढून टाक. ते करतात, तू जवळ असतेस.

पहिल्या वेळी मी पूर्णवेळ भिंतीवरच्या फरश्या बघत होते. ते गृहस्थ माझ्यापेक्षा जास्त लाजले होते, म्हणून सतत बेसबॉलबद्दल बोलत होते. मग शिकले. पाणी आधी त्यांच्या चांगल्या हातावर घेऊन बघायला सांगायचं, बधिर हाताला चटका कळत नाही. बसायला शॉवरची खुर्ची, हातात धरायचा फवारा, पाठीला लांब दांड्याचा स्पंज. मांडीवर कोरडा टॉवेल कायम, जो भाग धुवायचा तेवढाच उघडा. आणि तोंड त्यांच्या चेहऱ्याकडे ठेवून बोलायचं. फरश्यांकडे बघत बोललीस तर त्यांना आणखी अवघडल्यासारखं होतं. एखाद्याने ‘मुलगी नको’ म्हटलं तर तो त्याचा हक्क आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. कुणी चावटपणा केला तर मात्र बेल दाब, बाहेर ये आणि त्याच दिवशी लेखी दे.

आईला सांग, मी आजोबांना त्यांची अंघोळ त्यांची त्यांना करायला शिकवते. तिने स्वतःच्या वडलांचं केलं असेल तर तिला पुढचं सांगावं लागणार नाही.

परीक्षेत ४४६ मिळाले. पासला ४५० लागतात. चार गुण! सगळं येत होतं. आता हिंमत होत नाहीये. — एक नापास, जॉर्जिया

चार गुणांचं दुःख मला समजतं, कारण माझ्या हातावर एका ब्रेकचं आहे. पण ते ४४६ म्हणजे हजारातले नव्हेत. मोजपट्टीच ३०० ते ६०० अशी आहे, तेव्हा उंबरठ्यावर अडखळलीस असं समज.

माझ्या वेळी चार तासांत दोनशे प्रश्न होते. त्यातली खोच पुस्तकात नसते. चारही पर्याय बरोबर वाटतात आणि प्रश्न असतो, असिस्टंटने सर्वांत आधी काय करावं? सरावाच्या पेपरांत मी नेहमी सगळ्यात मायाळू पर्याय निवडायचे आणि चुकायचे. नंतर माझ्या चुका एका कागदावर मांडल्या, हिशेबनीस ना मी, तर निम्म्या अशाच निघाल्या. एक तर जिथे पेशंटला करू द्यायचं तिथे मी करायला धावले होते, नाहीतर जिथे थांबून थेरपिस्टला कळवायचं तिथे परस्पर निर्णय घेतला होता. तुझ्याही चुका अशा मांडून बघ. स्नायू परत पाठ करत बसू नकोस, ते तुला येतात.

आणि एक. अर्ज भरताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिही, अक्षरनुअक्षर. माझ्या विद्यापीठाच्या कागदांवर माहेरचं आडनाव होतं आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर सासरचं. हे मला परीक्षेच्या चार दिवस आधी रात्री अकरा वाजता लक्षात आलं. सकाळी सात वाजल्यापासून फोन, लग्नाचा दाखला शोधताना सगळी कपाटं उपसली, शेवटी तारीख तीन आठवडे पुढे गेली. दाखला मराठीत होता, तो भाषांतर करून घ्यायला आणखी पैसे पडले.

तुझं लग्न व्हायचंय असं पत्रावरून वाटतं. मग आधी परीक्षा दे.